आण्णांची सुई

कोयनानगरात वाढलेल्या माणसाचे पाय डोक्याआधी पळतात. आमच्या कॉलनीतल्या घरात आई फडताळावर तांब्या उपडा घालून त्यावर फुलपात्र ठेवायची. ते भूकंपानं खणखणलं की आई, मी आणि धाकटा भाऊ ताटावरून उठून थेट मैदानात. आण्णा, म्हणजे माझे वडील, धरणाजवळच्या भूकंपमापकाच्या खोलीत कामाला होते. एका मोठ्या धक्क्यात ते कागदावर रेघा ओढणाऱ्या त्या सुईपाशीच थांबले, असं सगळी कॉलनी कौतुकानं सांगायची. मला ते कौतुक बोचायचं. आमच्यापेक्षा त्यांना ती सुई प्यारी, ही अढी माझ्या मनात कायमची बसली.

पुढे माझ्याही गळ्यात हादऱ्यांचंच काम पडलं. परदेशातल्या प्रयोगशाळेत आम्ही धातूच्या कपट्याला लेझरचा दणका देतो. निमिषभर तो मोठ्या ग्रहांच्या पोटातल्यासारखा होतो, धड घन नाही, धड वायू नाही. आमच्या शास्त्रात त्याला चक्क 'कोमट' म्हणतात, आणि हे कोमट हजारो अंशांचं! ते विरायच्या आत त्यावर क्ष-किरण सोडायचे आणि ते कसे विखुरतात यावरून आतले अणू कसे बसलेत ते ताडायचं. कपटा एकदाच कामी येतो.

गेल्या वर्षी कॅमेरा सज्ज करायचं बटण माझ्याकडे होतं. ऐन वेळी शेजारच्या दालनात काहीतरी जड पडलं, जमीन थरथरली आणि बटण न दाबताच मी दाराबाहेर! लेझर सुटला. महिनाभर खपून केलेला कपटा गेला आणि चित्र कोरं आलं.

सुट्टीत आण्णांच्या साताऱ्याच्या घरी आल्यावर हे त्यांना सांगितलं. थोडं टोचूनच मी म्हणाले, "तुम्ही असता तर जागचे हलला नसता."

आण्णा सुपारी कातरायचे थांबले.

"कुनी सांगितलं? त्या दिशी मी बी पळालो व्हतो. सुई आपली आपुन रेघ वढती, तिला माजी काय गरज? घरी आलो तर दार सताड उघडं. मैदानात लांबनं तुमाला बघितलं, तीन डोकी मोजली आन् माघारी गेलो."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"सायबानं शाबासकी दिली व्हती गं. खोली सोडून पळालो, म्हनून कसं सांगू?"

मला हसू आणि रडू एकदमच आलं. मैदानात उभं राहून ज्या हाताची मी वाट पाहायची, तो मी अडकित्त्यासकट घट्ट धरला.