एलिनादीदींची फांदी

काल गोल बाजारात खजुराच्या पानांचा झाडू हातात घेतला आणि त्या वाळक्या वासानं मला रायपूरमधल्या माझ्या पहिल्या उन्हाळ्यात नेलं. नवं राज्य, नवी राजधानी, नागपूरहून बदलून आलेला मी आणि भिंतीवर बायकोचा हार घातलेला फोटो.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी माझ्या दारावर पहिल्यांदाच कुणाची तरी थाप पडली. शेजारच्या नर्स एलिनादीदी चर्चमधून येताना खजुराची हिरवी फांदी देऊन गेल्या. मी हुशार! त्या फांदीनं छताची सगळी कोळ्याची जाळी काढली.

संध्याकाळी दीदींनी ते पाहून कपाळावर हात मारला. "अरे भैया, येशू के स्वागत में लोगों ने यही लहराई थी! मौत पर जीत की निशानी है."

"इथं तर मकडीच हारून राहिली, दीदी!"

त्या पोट धरून हसल्या. मग फांदी पुसून त्यांनी फोटोमागे खोचली. "अगले साल लौटाना. चर्च में इसकी राख बनाकर माथे पर लगाते हैं."

वर्षाच्या आत त्यांची जशपूरला बदली झाली. फांदी अजून फोटोमागेच आहे. दार वाजलं की मी येडा आधी तिच्यावरची धूळ पुसतो. दारात बहुतेक गॅसवाला असतो.