जपानहून आलेल्या भावाची आंघोळ

त्या वर्षी जपानात सुनामी आली, अणुभट्टी फुटली आणि आमचा धाकटा तिथली नोकरी टाकून कोल्हापूरला यायला निघाला. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते, सातवा महिना चालू होता. भाऊ भट्टीपासून पुष्कळ लांब राहायचा, पण टीव्हीवरच्या नकाशातला लाल रंग तासातासाला पसरत होता. पोटावर हात ठेवून मी दिवसभर तेच बघायचे. टीव्ही बंद कर म्हणणाऱ्यावर खेकसायचे.

आईने तिच्या पद्धतीने तोड काढली. मयतीहून आलेला माणूस आंघोळ केल्याशिवाय आत येत नाही, तसंच हेही. तिने वडिलांकरवी त्याला परस्पर नृसिंहवाडीला पाठवलं, संगमात बुचकळून काढलं. बिचारा वडिलांच्या ढगळ पायजम्यात घरी आला. विमानतळावर यंत्र लावून तपासलंय, काही निघालं नाही, असं परोपरीने सांगत होता. टीव्हीपुढे त्याचं कोण ऐकतंय! माझं तर आंघोळीवरही भागलं नाही. त्याचं अंथरूण माडीवर टाकायला लावलं, ताटवाटी वेगळी केली. आणि मी म्हणे बी.एस्सी. झालेली.

संध्याकाळी कोकणात अशी भट्टी हवी की नको यावर टीव्हीवर जुंपली आणि ऐन रंगात लाईट गेली. वडील म्हणाले, हवीच, रानातला पंप काय फुंकर मारून चालवायचा? जिन्यातून भाऊ म्हणाला, "आबा, तिथली वीज लांबच्या शहराला जात हुती. घरं मातूर भट्टीजवळच्यांनी सोडली."

दुसऱ्या दिवशी माझ्या डॉक्टरीणबाई हसल्याच. ही काय साथ आहे का, तपासून आलेल्या माणसापासून बाळाला काही होत नाही, म्हणाल्या. इतकं हलकं वाटलं की रिक्षात रडूच आलं. त्याच दिवशी त्याचं अंथरूण खाली आणलं, माझ्याशेजारी त्याचं पान वाढलं. तो मुकाट जेवला. माफी मागायची मात्र माझ्याच्याने झाली नाही.

पुढे मुलगी झाली, धडधाकट, रडून दवाखाना डोक्यावर घेणारी. माझ्या जिवातली धाकधूक तिच्या पहिल्या टाहोबरोबरच गेली. सगळ्यांनी तिला आळीपाळीने घेतलं. भाऊ तेवढा दारात उभा होता. हात कोपरापर्यंत धुतलेले, ओले.

"आक्का," तो म्हणाला, "मी घेतली तर चालंल न्हवं?"

उठायचं नाही असं बजावलेलं असताना मी उठले आणि लेक त्याच्या हातात दिली.