बटणाएवढा सेल

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. गोष्ट म्हटली तर बटणाएवढ्या सेलची. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही माझ्या वैनीला ओळखत नाही.

मालवणात दादा-वैनी घरीच पर्यटकांना खोल्या देतात. माझा जुना कॉम्प्युटर विंडोजऐवजी लिनक्स घालून मी त्यांना दिला होता. वैनी पन्नाशीत तो शिकली. बुकिंग, बिलं, कुणाला सुरमई, कुणाला शाकाहारी — सगळं तीच बघायची. दादा खुर्चीमागे उभा राहून कौतुकाने बघायचा, आणि तिला ते आवडायचं.

मग तो कॉम्प्युटर रोज चालू होताना डिस्क तपासत बसू लागला. काळा पडदा, रेंगाळणारे टक्के, समोर बॅगा घेऊन खोळंबलेले पाहुणे. मला बोलावलं. मी नीट न बघताच, पाहुण्यांदेखत बोललो, "वैनी, तू काम्पुटर बंद न करताच बोर्डावरचा बटाण बंद करतंस, म्हणान असा होता."

ती नाही म्हणाली. एकदाच. मग म्हणाली, "माजाच कायतरी चुकला असतला." आणि उठून आत गेली.

मग कुठे मी पडद्यावरचा मजकूर वाचला. डिस्कवर नोंदलेली शेवटच्या वापराची वेळ भविष्यातली आहे, असं त्यात होतं. म्हणजे सुरू होताना कॉम्प्युटरचं घड्याळ मागे पडत होतं. पुढे नेट लागलं की वेळ आपोआप जुळायची, म्हणून कुणाला कळलं नाही. घड्याळ मागे का पडतं? वीज बंद असताना ते चालू ठेवणारा आतला सेल नसला की. आणि तो सेल — तो मागच्या खेपेला मीच काढला होता, माझ्या गाडीच्या रिमोटसाठी. नवा आणून घालतो म्हटलं आणि विसरलो.

दुपारी बाजारातून सेल आणून गुपचूप घातला. दुसऱ्या दिवशी खुर्चीत दादा बसला. कॉम्प्युटर झटकन सुरू झाला.

"बघ," दादा म्हणाला, "हिने हात लावचो बंद केल्यान नी काम्पुटर बरो झालो!"

मी हसलो. विसरणं सोडा हो, ते कुणाचंही होतं. पण मी हसलो — का? लाज वाटली म्हणून? वैनी अंगणात वाळत घातलेली कोकमाची सोलं उलटत होती. तिने ऐकलं.

त्या खुर्चीत ती पुन्हा बसली नाही. परवा गेलो तेव्हा तिने आपला मोबाइल माझ्यापुढे धरला. "ह्यो फोटो भयणीक धाडून दी रे. माज्या हातान कायतरी बिघडात."

मी मोबाइल घेतला आणि फोटो पाठवून दिला.