एकटीची कंपनी

नवऱ्याच्या वर्षश्राद्धानंतर घाटंजीतली आमची डाळमिल माझ्या नावावर करायची ठरली. त्याच हंगामात शेजारच्या गावात एका मजुराचा हात मिलच्या पट्ट्यात गेला आणि भरपाईपायी मालकाचं राहतं घर जप्त झालं. मजुराचं वाईट वाटलंच, पण खरं सांगते, मला धडकी भरली ती माझ्या घराची.

यवतमाळला सीएकडे गेले. पोरगा तरुण, पण सरळ बोलणारा. म्हणाला, “काकू, मिल नुसती तुमच्या नावावर ठेवली तर मिल आणि घर कायद्याला वेगळं दिसत नाही. वन पर्सन कंपनी करा. मालक तुम्ही एकट्याच, पण मिलवर काही आलं तर सहसा ते कंपनीपुरतं राहतं.”

मला पटलं. मग त्याने सांगितलं, नॉमिनी लागेल. माझ्यामागे कंपनी ज्याच्याकडे जाईल, त्याची लेखी संमती. एकटीच्या कंपनीलाही दुसरं माणूस लागतंच म्हणे! आम्हाला मूलबाळ नाही. तरी मी ताठ मानेनं सांगितलं, माझा भाऊ आहे.

भाऊबीजेला केळापूरला माहेरी गेले. ओवाळून झाल्यावर भावाने दरवर्षीसारखं विचारलं, “ताई, काय पायजे तुले, सांग.”

“तुही सही,” मी म्हटलं आणि कागद पुढे केला. सगळं समजावून सांगितलं.

त्याने बायकोकडे पाहिलं. कागद माझ्या पर्सवर परत ठेवला. “मले त्यातलं समजत नाही, ताई. उद्या काही झालं तं लोक माह्या दारात येतीन. पोरायचं पाहा लागते मले.”

“तुह्यावर काहीच येत नाही. सीएनं सांगतलं.”

“कागदाचं काही सांगता येते का?”

वडील गेल्यावर याच ओसरीत त्याने माझ्यापुढे हक्कसोडीचा कागद ठेवला होता. वडिलांच्या शेतातला माझा हिस्सा त्याला सोडायचा. आमच्याकडे बहिणी सोडतातच. जी मागेल तिचं माहेर तुटतं. मी तो वाचलाही नव्हता. त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून कचेरीत गेले, सही केली. येताना त्याने उसाचा रस पाजला. किती खूश होते मी त्या दिवशी.

हे सगळं जिभेवर आलं होतं. मी तोंडाळ बाई. गिऱ्हाईक असो की नवरा, कोणाचं ऐकून घेतलेलं नाही. त्या दिवशी मात्र गप्प बसले. बोलले असते तर उरलंसुरलं माहेरही गेलं असतं. वहिनीने दिलेली साडी घेतली आणि एसटीत बसल्यावर पदर तोंडाला लावून रडले. नवरा गेला तेव्हासुद्धा इतकं एकटं वाटलं नव्हतं.

सीए म्हणाला, नॉमिनी कोणीही चालतो, शेजारीणसुद्धा. त्याचं बरोबर होतं. पण माझ्यामागे कोण, याला शेजारणीचं नाव सांगायला माझी जीभ वळेना.

“राहू द्या,” मी म्हटलं. “साधं माझ्याच नावावर करा.”

“पण घर वाचवायचं होतं ना, काकू?”

“होतं. भावाच्याच पोरायले द्याचं होतं मले ते.”