कामाला आलेली माणसं

फाल्गुनात भाताच्या रोपाच्या जागेवर राब भाजले जातात तेव्हा आमच्या पाड्यावर एक वास भरून राहतो. सुका पाला, शेण आणि माती एकत्र जळल्याचा, थोडा कडवट, थोडा गोडसर. शहरातल्या माणसाला तो नुसता धूर वाटतो, मला त्यात पुढच्या भाताचं रोप दिसतं. पण तुम्हाला सांगायचं आहे ते भाताबद्दल नाही, कॉम्प्युटरबद्दल. हसू नका. मी चौथी शिकलेली बाई, तरी ओपन सोर्स म्हणजे काय ते मला कळतं, आणि कळलं ते असल्याच राबाच्या दिवसांत.

माझी नात छाया कल्याणला कॉम्प्युटरवर नोकरी करते. नोकरीहून आली की ती आणखी एक काम करी, ज्याचा पगार कोणी देत नाही. कुठली कुठली माणसं मिळून एक प्रोग्राम लिहितात. तो कुणीही फुकट घ्यावा, उघडून पाहावा, बिघडलेलं नीट करावं आणि सगळ्यांसाठी परत द्यावा, हेच ते ओपन सोर्स. छायाच्या मंडळींचा प्रोग्राम नकाशाचा होता, नेट नसलेल्या रानातही फोनवर वाट दाखवणारा. ओळख ना पाळख, अशांसाठी संध्याकाळी घालवायच्या, हा काय उद्योग, असं मी तिला तोंडावर म्हणत असे. मग मलाच वाटलं, भाताच्या लावणीला आम्ही दुसरं काय करतो? आज शेजारच्या हिराबाईचं शेत, उद्या माझं. आमची सावड ती हीच की! फरक इतकाच, की सावडीत समोरच्याचं तोंड दिसतं.

आणि तोंड दिसत नाही, हेच छायाला सोयीचं होतं. दोन-तीन वर्षं ती गुपचूप दुसऱ्यांच्या चुका काढून दुरुस्त करत राहिली. त्यांच्या कॉन्फरन्स भरतात, पुण्याला, बेंगळुरूला. ही जाई, शेवटच्या खुर्चीत बसे आणि कुणाशी न बोलता परत येई. एवढी मोठी मंडळी, आपल्याला कोण विचारणार, हे तिचं म्हणणं. "मुक्याला कोन इचारील गो?" हे माझं म्हणणं.

एका वर्षी काय झालं कोण जाणे, तिने तोंड उघडलं. रानातल्या वाटांचा प्रोग्राम शहरात बसून काय लिहिता, एक दिवस आमच्याकडे या, असं तिने सगळ्यांना कळवलं. उत्तर आलं, लांब आहे, किती जण येतील सांगता येत नाही, पण तू करून पाहा. त्यावर छाया मला म्हणाली, "आजी, कोनी नाय आलं, तर मी परत त्या लोकांत जायची नाय." ती नुसती बोलायची म्हणून बोलली नव्हती. भित्रं माणूस एकदा पुढे येतं. तेव्हा हसं झालं, की ते कायमचं आत जातं. असली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

म्हणून मी माझ्या परीने कामाला लागले. घरोघर सांगून आले, रविवारी आमच्याकडे काम आहे, या. आमच्यात एवढंच सांगतात. काम कसलं, हे विचारायची पद्धत नाही. ज्याच्या घरचं काम त्याला ठाऊक. पाहुणे कमी आले तरी पडवी भरलेली दिसेल, इतकाच माझा विचार.

रविवारी आसनगावहून जीप आली, तीत पाच-सहा जण. छायाचं तोंड एवढंसं झालं. आणि जीपची धूळ बसते न बसते तोच पाड्यावरच्या बाया आल्या. पदर खोचलेले, हातात कोयते, खांद्यावर दोर. राबाचे दिवस, तेव्हा काम म्हणजे टाहाळ, राबाला लागणारा डहाळ्यांचा पाला, तोडायचं, असंच सगळ्यांनी धरलेलं. पाहुणे कोयत्यांकडे बघतच राहिले.

"आजी, काय केलंस गो हे? परत पाठव त्यांना!" छाया रडकुंडीला आली.

तेवढं मात्र होणं नव्हतं. कामाला आलेल्या माणसाला काम न देता परत पाठवलं, तर ते घर पुढच्या लावणीला चिखलात एकटं उभं राहतं. हिराबाईने तर विचारलंच, "काय तोडायचं ते सांगा ना. ऊन चढतंय."

पाहुण्यांत एक दाढीवाला होता, त्यांच्या पुढाऱ्यांपैकी. तो म्हणाला, "छाया, आजचं काम तूच सांग सगळ्यांना." आता मागची खुर्ची कुठून आणणार? पोरगी पडवीत उभी राहिली. आधी अडखळली, मग पाड्याच्या बोलीवरच आली. "ह्या फोनात आपला पाडा नाय. झऱ्याची वाट नाय. ती घालायची हाय. तुमी दाखवा, आमी मागून येतो."

"झऱ्याची वाट करवंदीनं बुजली," हिराबाई म्हणाली.

"मंग तोडा!"

बाया खदखदून हसल्या आणि निघाल्या. पुढे कोयते, मागे फोन. ओहोळाशी हिराबाई आणि सोनाबाई यांची जुंपली, ओहोळ वरच्या पाड्याच्या नावाचा की खालच्या. "तुझ्या बापानं खणला काय?" इथवर गेलं. कुठलं नाव घालायचं, असं दाढीवाल्याने छायाला विचारलं. ती म्हणाली, दोन्ही घाला. तो हसला, आमचीही भांडणं अशीच असतात, फक्त आम्ही ती लिहून भांडतो.

पुढे प्रोग्राम अडला. सगळे मोहाच्या सावलीत बसले, छाया मधोमध. ती काय बोलत होती ते मला कळलं नाही. पण हात हलवून बोलत होती, आणि एकाला तर मध्येच थांबवून म्हणाली, नाही, तसं नाही.

संध्याकाळी जीपशी हिराबाई म्हणाली, "आमी तुमच्या कामाला आलो. आता लावणीला तुमी या." पाहुण्यांना थट्टा वाटली. छायाने त्यांना समजावून सांगितलं, ही थट्टा नाही.

आषाढात चौघे आले, दाढीवालाही. रोपं वाकडी लावली, हिराबाईने ती उपटून परत त्यांच्याच हातात दिली. आणि बांधावरून छाया त्या मोठ्या मंडळींवर ओरडत होती, "रांग सोडू नका रे! नीट बघा!" मी ऐकलं, पण मान वर केली नाही. लावणीत बघत उभं राहिलं, की आपली रांग मागे पडते.