मी न घेतलेला पासवर्ड

रमाचा फोन आला तेव्हा मी शाळेत वह्या तपासत होते. "ताई, गेले हो ते…" एवढंच बोलली. अकोल्याला ऑपरेशनसाठी नेलेला तिचा नवरा, आमचा सिद्धार्थ, परत आलाच नाही. रडू यायच्या आधी माझ्या डोक्यात काय यावं? साइटचा पासवर्ड! त्याची लाज अजून वाटते.

सिद्धार्थ माझा शेजारी, वयानं धाकटा. रिसोडच्या स्टँडजवळ त्याचं झेरॉक्सचं दुकान. पण त्याचा जीव होता गावाच्या वेबसाइटमध्ये. तिथं त्यानं गावातल्या म्हाताऱ्यांचे आवाज साठवले होते. विहाराच्या पहिल्या विटेची गोष्ट, विहिरीवरची भांडणं… त्यातल्या कितीतरी जणांचा एक फोटोसुद्धा घरात नाही. मी आमच्या घराण्यातली पहिली बी.ए., हे मी मान वर करून सांगते. पण साइट चालवायला मला शिकवलं ते बारावी झालेल्या सिद्धार्थनं. फोटो आधी लहान कर, मग चढव. नको असलेलं प्लगइन, म्हणजे साइटला जोडलेली जादाची सोय, नुसतं बंद ठेवू नको, काढून टाक. अपडेट एकेक कर आणि दर वेळी साइट उघडून बघ. "आपल्या घराले दारं किती, हे ठावं पाह्यजे ताई," असं म्हणायचा. मी मात्र त्याच्याच दुकानात बसून, त्याच्याच लॉगिननं मजकूर टाकायची. तो धडधाकट असताना साइटची किल्ली मागायची कशी, असं गावात सगळ्यांनाच वाटायचं.

अकोल्याला निघताना त्यानं स्टँडवर माझ्यापुढं वही धरली. "लिहून घे पासवर्ड. मले काई झालं तं?"

"कायले अभद्र बोलतं? आल्यावर दे."

"बी.ए. झाली अन् पासवर्डले भेते!" हसत त्यानं वही पिशवीत टाकली. एसटी निघून गेली.

सिद्धार्थच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर दुसऱ्या दिवशी साइट उघडली, तर गावाच्या फोटोंमध्ये जुगाराच्या जाहिराती. मी मेल धुंडाळला. स्पॅममध्ये एक मेल पडला होता. दवाखान्यातून, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, त्यानं माझ्या नावाचं खातं उघडून दिलं होतं. मला न विचारता. आत शिरले. वापरणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव, माझं नाव… आणि तिसरं एक, कुणाच्याच ओळखीचं नसलेलं. मी ते काढून टाकलं. सकाळी पाहिलं तर ते परत तिथंच. पुन्हा काढलं, पुन्हा आलं.

वाशीमच्या, साइटच्या कामातल्या एका जाणत्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "कोणीतरी आत बसून राह्यला बाई. साइट मंग पाहू, पयले आवाज कॉम्प्युटरवर उतरवून घ्या."

म्हणून आता शाळा सुटली की त्याच्या दुकानात बसते. रमा शटर उघडून देते. खिळ्याला टांगलेला त्याचा हेडफोन कानाला लावते आणि एकेक फाईल उतरवून ऐकते. प्रत्येक फाईलच्या सुरुवातीला त्याचाच आवाज असतो. समोरच्याला बोलतं करायची त्याची ती सवय.

काल सखूमावशीची फाईल उघडली. मावशी जाऊन बरीच वर्षं झाली. "बोल मावशी, मी आयकून राह्यलो," सिद्धार्थ म्हणाला.

पुढं काहीच नाही, फाईल तिथंच तुटलेली. मी आवाज वाढवला, पुन्हा पहिल्यापासून लावली. "बोल मावशी…" तो म्हणतो, आणि थांबतो. मावशी बोलत नाही.