बालांच्या डॉक्टरीणबाई

चार सर्जन एकत्र बसले की ऑपरेशनच्या गोष्टी निघतात. कोणाच्या पोटातून काय निघालं, कोण टेबलावर कसं वाचलं! माझ्याकडे कात्री नाही, टाके नाहीत. माझ्याकडे लोक लहान पोरं घेऊन यायचे आणि बोलायचे. कधी पोर बोलायचं, आईबाप गप्प. त्यामुळे सांगण्यासारखं काही घडलंय हे मला बऱ्याचदा घरी परतताना एसटीत कळायचं. असं करत करत एवढं साठलंय, की नातेवाइकांच्या लग्नात मला जेवायला बसवतात आणि म्हणतात, "हं, सांगा आता घोडेगावचं काहीतरी."

नव्वदच्या दशकात मी पुण्याहून दर गुरुवारी घोडेगावला जाऊ लागले. ओळखीच्या एका डॉक्टरांनी दवाखान्यातली मागची खोली दिली होती. सोबत नंदाताई, आमची समाजसेविका. माहेर तळेघरच्या बाजूचं, त्यामुळे वर डोंगरातल्या गावांतली माणसं तिच्याशी मोकळेपणानं बोलायची. नावं मी बदलून सांगते. बाकीचं जसं झालं तसं.

*

पहिल्याच महिन्यात पाटी लावली. 'बालमानसोपचार तज्ज्ञ'. दोन गुरुवार कोणी फिरकलं नाही. तिसऱ्या गुरुवारी एक वयस्कर शेतकरी आत आले, खुर्चीवर बसले, टोपी काढली आणि डोकं माझ्यापुढे केलं.

"बालांच्या डॉक्टरीणबाई तुमीच ना? बघा. लई विरळ झालेत."

मला आधी कळेचना. नंदाताई तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

"बाबा, बाल म्हणजे लहान मुलं."

"आता टीव्हीवर तर केसांनाच बाल म्हणत्यात की!"

मग मी त्यांना नीट सांगितलं. लहान मुलं घाबरतात, झोपत नाहीत, बोलायची बंद होतात, घरात काही वाईट घडलं तर त्यांच्या मनाला लागतं, ते मी बघते. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. टोपी घातली. उठले, दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

"मग माझ्या डोक्याचं ऱ्हाऊ द्या. आमचा पोरगा पिऊन आला की नात कोठीमागं जाऊन बसती. कानांवर हात ठिऊन. तिला आणू का?"

आमची पहिली पेशंट ती.

*

ओतूरमध्ये कापडाचं दुकान असलेलं एक मारवाडी कुटुंब होतं. त्यांची पाच वर्षांची मुलगी पिंकी. घरात दिवसभर टकळी चालू, शाळेत मात्र एक अक्षर नाही. पहिल्या शाळेत कोणीतरी तिला "मुकी आहेस का?" म्हणून वर्गासमोर उभं केलं होतं. तेव्हापासून ओठ मिटलेले. आता शाळा बदलली होती, पण ओठ मिटलेलेच.

उपाय साधा असतो, फक्त वेळ लागतो. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात आईनं मुलीशी खेळायचं. पोरगी आईशी बोलू लागली की बाईंनी हळूच आत येऊन कोपऱ्यात बसायचं. काही विचारायचं नाही, बघायचंसुद्धा नाही.

नव्या शाळेतल्या बाई फार प्रेमळ होत्या. अडचण एवढीच, की त्यांना गप्प बसता येत नसे! कोपऱ्यात बसल्या तरी सुरू. "हो का गं पिंकी? छान रंगवलंस हं! बाहुलीचं नाव काय? सांग ना! नको सांगूस, काही हरकत नाही! पण सांगितलंस तर आवडेल हं मला!"

मी दारातून हातानं खुणा करून थकले.

शेवटी पिंकीनं खडू खाली ठेवला, मान वळवली आणि शाळेतलं पहिलं वाक्य बोलली.

"बाई, तुमी जरा गप बसा ना!"

बाई आनंदानं रडायला लागल्या. गप्प मात्र बसल्या नाहीत.

*

भाजीचा टेम्पो चालवणारा एक बाप सात वर्षांच्या पोराला घेऊन आला. पोरगा रात्री अंथरूण ओलं करायचा. त्याच्या पाठीवर वळ होते.

मी विचारलं, तर बाप सरळ बोलला. "मारतो. लपवायचं काय त्यात? मला माझ्या बापानं चामडी पट्ट्यानं मारलंय. म्हणून तर माणूस झालो. न्हाई का?"

"झालात की," मी म्हटलं. "वडील कुठे असतात आता?"

"गावातच. वरच्या आळीला."

"येणंजाणं असेल मग."

"न्हाई. मी त्याचं तोंड बघत न्हाई."

हे बोलला आणि थांबला. त्यानं पोराकडे पाहिलं. पोरगा माझ्या टेबलावरची लाकडी बैलगाडी पुढेमागे करत होता. मग बाप एवढंच म्हणाला, "पुढच्या गुरुवारी किती वाजता येऊ?"

*

एकदा एका गावात अंगणवाडीत आयांसाठी भाषण होतं. बायका दाटीनं बसल्या होत्या. मी रंगात आले होते. "बाळाला बोलता येत नाही, पण घरातलं सगळं कळतं! कोण रागावलंय, कोण रडतंय, सगळं! अगदी आईच्या पोटात असल्यापासून कळतं!"

मागच्या भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "बाई, येवढं कळत असतं, तर आमच्या घरात आलं असतं व्हय ते?"

सगळ्या बायका हसून हसून लोळल्या. मीही हसले. म्हातारीच्या शेजारी तिची सून बसली होती, मांडीवर तान्हं. तीही हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाकीच्यांचं हसणं थांबलं. तिचं पाणी थांबलं नाही.

भाषण तिथंच संपवलं. नंदाताई तिला घेऊन बाहेर चिंचेखाली जाऊन बसली. म्हातारीही मागोमाग गेली.

*

तळेघरच्या बाजूच्या एका वाडीतून तात्या नावाचे आजोबा नातीला घेऊन आले. तुळसा पाच वर्षांची. पोट दुखतं म्हणायची, जेवायची नाही. पोटाच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. काही निघालं नव्हतं.

तुळसाची आई बाळंतपणात गेली होती. बाळही गेलं. पोरीला कोणी सांगितलं नव्हतं. "आई पुण्याच्या दवाखान्यात हाय, बरी झाली की येती," असं सांगून ठेवलं होतं. म्हणून रोज संध्याकाळी आजोबा आणि नात फाट्यावर जाऊन उभे राहायचे. मुक्कामी एसटी यायची, चार माणसं उतरायची, मग दोघं घरी परत.

मी तात्यांना म्हटलं, "तिला खरं सांगायला हवं."

"बारकं पोर हाय, डॉक्टरीणबाई. काळीज फुटंल तिचं."

दोन-तीन भेटी यातच गेल्या. मग एका गुरुवारी तात्या तयार झाले. तिला मांडीवर घेतलं, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "तुळसा, तुझी आई मेली बाय. ती आता यायची न्हाई."

एवढं बोलून ते स्वतःच हमसाहमशी रडायला लागले. पोरगी रडली नाही. तिनं फ्रॉकच्या घेरानं त्यांचे डोळे पुसले.

मी हळूच विचारलं, "तुळसा, तुला माहीत होतं?"

तिनं मान हलवली. होतं.

"मग रोज एसटी बघायला कशाला जायचीस?"

"तात्यांना जायचं असतं," ती म्हणाली.

*

आता बाळूचा किस्सा.

दोन हजार सालानंतर आम्ही एक नवी पद्धत शिकलो. आई आणि बाळाचं शूटिंग करायचं आणि त्यातले चांगले तेवढे क्षण आईला दाखवायचे. आमच्याकडे कॅमेरा कुठला! घोडेगावात लग्नाची शूटिंग करणारा बाळू होता. त्याला बोलावलं.

तेव्हा आमच्याकडे सखू नावाची आई यायची. पहिली मुलगी सव्वा महिन्याची होऊन गेलेली. आता मुलगा, सात महिन्यांचा. सखू त्याचं सगळं करायची. अंघोळ, दूध, तीट, काजळ. फक्त त्याच्याकडे बघायची नाही. दूध पाजताना नजर खिडकीबाहेर. "ह्ये पण जाईल," एवढंच एकदा नंदाताईला म्हणाली होती. बाळही मलूल, हसणं नाही, वजन वाढत नव्हतं.

बाळू आला तो हॅलोजन घेऊन! दिवा लागताच बाळानं भोकाड पसरलं. बाळू म्हणतो, "वैनी, जरा स्माईल द्या!" नंदाताईनं दिवा बंद करून त्याला कोपऱ्यात बसवलं, बोलू नकोस म्हणून दम दिला. बाळूनं मग निमूटपणे अर्धा तास शूटिंग केलं.

त्यात एक छोटा तुकडा सापडला. तो मी बाळूला दाखवला, "फक्त एवढाच काढून दे."

पुढच्या गुरुवारी सखू डोंगर उतरून, एसटी पकडून आली. बाळू कॅसेट घेऊन हजर. वरच्या मजल्यावर डॉक्टरांच्या घरी टीव्ही लावला.

सनई वाजली! पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडल्या. कोपऱ्यातून एक लालभडक बदाम गरगर फिरत आला, मध्यभागी थांबला आणि त्यात बाळाचं तोंड उमटलं.

नंदाताईनं कपाळावर हात मारला. "अरे बाळू, हे लग्न आहे का?"

"ताई, साधं दिलं तर लोक म्हणत्यात कामच केलं न्हाई!"

मी टीव्ही बंद करायला उठले, पण सखूकडे लक्ष गेलं आणि तशीच खाली बसले.

बदामात बाळ होतं. मान वळवून, डोळे मोठे करून ते कशाच्या तरी मागे बघत होतं. इकडून तिकडे. परत इकडे. मग ओठ जरासे उघडले.

"कुणाकडं बघतंय ह्ये?" सखूनं विचारलं.

"तुझ्याकडं," नंदाताई म्हणाली. "तू झबलं घ्यायला उठली होतीस. तू जाशील तिकडं बघत व्हतं."

सनई चालूच होती. सखू उठली, टीव्हीजवळ गेली, काचेवर बोट टेकवलं. बाळावर परत पाकळ्या पडल्या आणि पडदा निळा झाला.

बाळू ओशाळून पुढे झाला. "मॅडम, सॉरी हां. सनई काढून आणतो, बदाम पण काढतो."

सखूनं त्याचा हात धरून त्याला थांबवलं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "परत लावा."